काचेवर बरा होणारा आजार

तुरीच्या डाळीत सिकलसेलवरचं औषध सापडलंय, हे यवतमाळच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

बातमी खोटी नाही. नवीही नाही. नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात तुरीच्या दाण्यांचा अर्क काढला, सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात मिसळला आणि वाकड्या झालेल्या लाल पेशी पुन्हा गोल होताना पाहिल्या. 1990 साली त्यांनी या अर्कातला मुख्य करामती पदार्थही जाहीर केला: फेनिलॲलनिन. हे एक साधं अमिनो आम्ल. डाळीत असतं, दुधात असतं, अंड्यात असतं, आणि रविवारच्या मटणात तर असतंच असतं. पुढे तिथल्या नीमेथ नावाच्या औषध कंपनीने तुरीचा अर्क बाटलीत भरून ‘सिक्लाव्हिट’ नावाने बाजारात आणला.

आता आपला विदर्भ घ्या. तूर इथेच पिकते, वरण इथेच शिजतं, दोन्ही वेळा भातावर पडतं. आणि सिकलसेलही इथेच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, मेळघाट. शिवाय उत्तर महाराष्ट्रात नंदुरबार. तूर खाऊन हा आजार हटत असता, तर सरकारला राष्ट्रीय अभियान काढायची गरजच नव्हती. तुरीला धड हमीभाव दिला असता तरी भागलं असतं.

लगेच कोणीतरी म्हणेल, अहो, अर्क वेगळा आणि वरण वेगळं. एकदम मान्य. मग अर्क तरी माणसांना देऊन पाहिला का? पाहिला. लागोसमध्ये, शंभर रुग्णांना. वैद्यकातल्या चाचण्या गोळा करून त्यांची उलटतपासणी करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या अहवालात त्याचा निकाल आहे. दुखण्याच्या कळा कमी होत असाव्यात. रक्तक्षय मात्र थोडा वाढण्याची शक्यता आहे, तीही पक्की नाही. आता हा मथळा छापून बघा. संपादक तुम्हाला कोडं आणि राशिभविष्याच्या टेबलावर बसवील.

आजाराची ओळख ज्यांना लागते त्यांच्यासाठी दोन ओळी. हिमोग्लोबिन बनवण्याच्या आराखड्यात एका जागी एक अमिनो आम्ल चुकीचं बसतं. बीटा साखळीतली सहावी जागा. ग्लुटामिक आम्लाऐवजी तिथे व्हॅलिन येतं. बस, एवढंच. पण ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबलांब दोरे तयार करतं, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुंबतो. मग कळा सुरू. हाडांत, पाठीत, छातीत. ज्यांनी त्या पाहिल्यात त्यांना वर्णन नको. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना ते पटत नाही, म्हणून शाळेतले मास्तर ‘नाटकं करते’ म्हणतात आणि कामावरचा मुकादम ‘रोजचं रडगाणं’ म्हणतो.

तर मूळ मुद्दा. हा आजार एका ठिकाणी हमखास बरा होतो. काचेवर.

प्रयोग असा असतो. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेल्या रुग्णाचं थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण टाकायचं; ते रक्तातला ऑक्सिजन हिसकावून घेतं. वर पातळ काच ठेवायची, हवा आत जाऊ नये म्हणून कडा बंद करायच्या आणि वाट बघायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पेशी एकेक करून लांबट होतात, टोकदार होतात, काही तर दोन्ही टोकांनी ओढलेल्या दिसतात. आता दुसरी काचपट्टी. तसंच रक्त, तसंच द्रावण, फक्त बरोबर पानाचा, सालीचा नाहीतर मुळीचा अर्क. पेशी मोजायच्या. शंभरातल्या किती वाकल्या, किती गोल राहिल्या? अर्कवाल्या पट्टीत गोल जास्त निघाल्या की निबंध तयार.

बघायला हे दृश्य फार सुंदर असतं, यात शंका नाही. हा आजार डोळ्यांसमोर उलटा फिरतो. कोणाचाही जीव हरखून जाईल. 1971 मध्ये नायजेरियातल्या इफे विद्यापीठात सोफोवोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा असाच हरखला. तिकडे दात घासायला एका झाडाच्या मुळीची काडी चघळतात. हे झाड म्हणजे बांगड्याच्या तिखल्यात पडणाऱ्या आपल्या तिरफळाच्या गणगोतातलं. ती काडी जंतू मारते का, हे बघायला घेतलेल्या प्रयोगात लक्षात आलं की तिच्या अर्कात रक्त लाल टवटवीत राहतंय. मग सिकलसेलचं रक्त आणलं, अर्क टाकला, पेशी सरळ झाल्या. शोध खरा होता, हुशारीचा होता आणि आफ्रिकेच्या स्वतःच्या मातीतला होता. बुर्किना फासोमध्ये हीच मुळी रुईच्या जातीतल्या झाडाबरोबर मिसळून ‘फाका’ नावाचं औषध काढलं.

त्यानंतर काचपट्ट्यांची रांगच लागली. कच्ची पपई आली. शेवग्याचा पाला आला. लसूण आला. काँगोतल्या किन्शासा विद्यापीठात तर ही परीक्षा घेण्याची परंपराच तयार झाली. तुळशीच्या कुळातली झाडंसुद्धा तिथे पास झाली. नापास झालेल्या झाडाचा निबंध सहसा कोणी लिहीत नाही, त्यामुळे एकूण निकाल आपल्या दहावीच्या बोर्डापेक्षाही उजळ लागतो.

आता हे काचेवर एवढं सोपं का? कारण काचेवर रक्त थेंबभर असतं आणि अर्क हवा तेवढा ओतता येतो. माणसाच्या अंगात काय होतं याचा हिशेब आपण बसल्या बसल्या करू शकतो. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन आठ धरलं तर अंगात चारशे ग्रॅम हिमोग्लोबिन. एखाद्या पदार्थाने या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटायचं आणि दोरे होऊ द्यायचे नाहीत, असं असेल तर त्या चारशे ग्रॅमचा चांगला मोठा वाटा रोज, दिवसभर पकडून ठेवावा लागतो. चिमूटभर चूर्ण पोटात गेलं, आम्लात निम्मं मोडलं, यकृताने उरलेल्याचा निकाल लावला, आणि रक्तात पोचलं ते काय? शेवग्याच्या शेंगांची आमटी मी आवडीने ओरपतो; ती पाच लिटर रक्ताला पुरेल असा माझा दावा नाही.

आणि हे फक्त झाडपाल्याचं दुखणं आहे असं समजू नका. गोऱ्या डॉक्टरांनीही काचेवर विश्वास टाकून हात पोळून घेतलेत. 1970 च्या सुमारास अमेरिकेत एका पदार्थाने काचेवर सिकल पेशी सरळ केल्या. पदार्थ कोणता? युरिया. हो, तोच, आपल्या बांधावरच्या गोणीतला. तो शुद्ध करून शिरेतून द्यायला सुरुवात झाली. निक्सन साहेबांनी नुकतंच सिकलसेलकडे लक्ष द्यायचं जाहीर केलं होतं, काळ्या समाजात या आजाराबद्दलचा आवाज वाढत होता, सगळ्यांनाच औषध हवं होतं. मग अनेक रुग्णालयांनी मिळून रीतसर चाचणी घेतली. 1974 मध्ये निकाल आला: युरिया दिला काय, साधं सलाईन-साखर दिलं काय, कळांमध्ये फरक नाही. त्याच्याच मागोमाग सायनेट आलं. ते तर तोंडावाटे घ्यायची सोय होती आणि पेशींवर खरोखर परिणाम करत होतं. पण रुग्णांच्या पायांच्या नसा बधिर होऊ लागल्या, डोळ्यांत मोतीबिंदू दिसायला लागले. गाशा गुंडाळला.

म्हणजे काचेवरचा विजय हा विजयच नसतो का? असतो. अर्जाइतका असतो. नोकरी लागली असं नाही, अर्ज पोचला एवढंच. आपल्याकडे मात्र अर्ज पोचला की पेढे वाटतात.

दरवर्षी 19 जूनला जागतिक सिकलसेल दिवस येतो आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक हिरव्या पानाचं चित्र येतं. खाली ‘सिकलसेलवर रामबाण’. पाठवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. कर्जाच्या फायलीवर तीन तीन सह्या बघितल्याशिवाय पैसा न सोडलेला हा माणूस, पानाच्या बाबतीत मात्र जामीनदार विचारत नाही.

*

आता एका झाडपाल्याच्या औषधाची गोष्ट, जे काचेवरून खाली उतरलं. ही गोष्ट टिंगलीची नाही.

नायजेरियातल्या ओयो राज्यात रेव्हरंड पॉल ओगुन्याले नावाचे एक पाद्री होते. घराण्यात चालत आलेली सिकलसेलवरची पाककृती त्यांच्याकडे होती. आपल्याकडे अशी पाककृती असलेला माणूस ती बापाने मुलाच्या कानात आणि मुलाने मरताना स्वतःच्या मुलाच्या कानात, या पद्धतीने सांभाळतो. मधल्या पिढीत कोणी बहिरा निघाला की संपलं. ओगुन्यालेंनी ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अबुजातल्या राष्ट्रीय औषध संशोधन संस्थेच्या हातात दिली. रीतसर करार करून दिली. संस्थेचे प्रमुख होते चार्ल्स वाम्बेबे.

पाककृतीत काय होतं ते वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेलो. लवंग. ज्वारीच्या झाडाची पानं. आपल्या काळ्या मिरीची पश्चिम आफ्रिकेतली बहीण. आणि एका झाडाचं खोड, जे आपल्या बिज्याच्या आणि रक्तचंदनाच्या कुळातलं. म्हणजे चारातली एक वस्तू माझ्या मसाल्याच्या डब्यात होती, एक सोलापूरच्या शेतात उभी होती, आणि उरलेल्या दोघींचे नातेवाईक आपल्याच जंगलांत.

संस्थेने या मिश्रणाला ‘निप्रिसान’ नाव दिलं आणि मग ते केलं जे बाकीच्यांनी केलं नाही. आधी प्राण्यांवर विषारीपणा तपासला. मग 82 रुग्ण घेतले. निम्म्यांना सहा महिने खरी कॅप्सूल, निम्म्यांना सहा महिने खोटी, नंतर अदलाबदल. कोणाच्या हातात काय आहे हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. 2001 मध्ये निकाल छापून आला. जोराच्या कळा खऱ्या कॅप्सूलवर कमी झाल्या. रक्तक्षयावर फरक पडला नाही. यकृत-मूत्रपिंडाला बाधा दिसली नाही. कोक्रेनवाले फार खडूस. त्यांनीही मान हलवली आणि म्हणाले, आशा वाटावी असं आहे, आता याहून मोठी चाचणी करा.

मोठी चाचणी. इथेच गाडी अडते, कारण मोठ्या चाचणीला मोठा पैसा लागतो. संस्थेने 2002 मध्ये न्यूजर्सीच्या झेकेम कंपनीला परवाना दिला. अमेरिकेने दुर्मिळ आजारावरचं औषध म्हणून त्याची नोंद केली. 2006 मध्ये ‘निकोसान’ या नावाने ते नायजेरियात विकायला आलं. जगात सिकलसेलची सर्वांत जास्त मुलं ज्या देशात जन्मतात, त्या देशाचं स्वतःचं औषध. अबुजाजवळ कारखाना निघाला, बँकांची कर्जं निघाली, भाषणं तर निघणारच. आणि 2008 च्या नोव्हेंबरात झेकेमने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज टाकला.

औषध काम करत नाही म्हणून नव्हे. काम किती करतं हे पुरतं कळायच्या आधीच गल्ल्यातला पैसा संपला म्हणून. ज्या रुग्णांना त्या कॅप्सूलचा आधार वाटत होता, त्यांच्या हातात रिकामी डबी राहिली. पाद्रीबाबांनी पिढ्यांची पुंजी दिली, सरकारी संस्थेने शिस्तीने काम केलं, 82 रुग्णांनी वर्षभर डायरीत कळा लिहिल्या, आणि गाडी अडली कुठे, तर बॅलन्सशीटमध्ये. जंगलातलं ज्ञान हरवतंय म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं. ते जंगलात हरवलं नाही, न्यूजर्सीत हरवलं.

*

अमिनो आम्लाची मघाशी टिंगल केली, म्हणून एक भरपाई. ग्लुटामिन नावाचं दुसरं एक अमिनो आम्ल आहे, तितकंच साधं. त्याची भुकटी 2017 मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झाली. 230 रुग्ण, 48 आठवडे. खोट्या भुकटीवर कळांचे चार प्रसंग, खऱ्यावर तीन. चारावरून तीन. एवढ्याशा फरकासाठी एवढा उपद्व्याप केला, म्हणून तर तो फरक आहे हे कळलं. आणि डोस बघा: मोठ्या माणसाला दिवसाला तीस ग्रॅमपर्यंत. चिमटीने नाही, चमच्याने.

व्हॅनिलाचीही गोष्ट आहे. आइस्क्रीमला वास देणारं व्हॅनिलिन काचेवर सिकल पेशींना आवरतं, असं अमेरिकन संशोधकांनी 1991 मध्ये दाखवलं. पण ते पोटातच मोडायचं. आइस्क्रीम खाऊन बरं होण्याची मुलांची सोय तिथेच गेली. मग त्या धर्तीवरचे रेणू घडवत, फेकत, पुन्हा घडवत अखेर व्हॉक्सेलोटर नावाची गोळी आली. 2019 मध्ये मंजुरी. डोस रोज दीड ग्रॅम, ते वरचं चारशे ग्रॅमचं गणित आठवा. 2022 मध्ये फायझरने ती बनवणारी कंपनी 5.4 अब्ज डॉलरला विकत घेतली. हिमोग्लोबिन खरंच वाढत होतं. आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्याच फायझरने ती गोळी जगभरातून मागे घेतली. पुढच्या चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्यांत कळांचे आणि मृत्यूंचे आकडे जास्त दिसू लागले होते.

यावर आमच्या काकांचा लगेच मेसेज: ‘बघा, ही तुमची ॲलोपथी!’

काका, बघितलं. अब्जावधी डॉलर ओतून घेतलेली गोळी, आकडे वाकडे दिसताच कपाटातून काढावी लागली, कारण आकडे लिहिले जात होते. आठवडी बाजारात चटईवर मांडलेल्या मुळ्यांपैकी एखादी मुळी आजवर कोणी मागे घेतल्याचं ऐकलंय? तिथे ज्याला गुण आला तो चार गावांत सांगतो. ज्याला नाही आला, त्याने पथ्य पाळलेलं नसतं. आणि जो गेला, त्याची वेळ आलेली असते. या हिशेबात औषध कधीच हरत नाही.

आणि पानं निरुपद्रवी असतात ही समजूत तर सर्वांत महागाची. पोट साफ करणारा काढा घ्या. जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाला कळा उठायला तेवढं कारण पुरतं. ज्यांच्या रक्तात जीसिक्सपीडी हे एन्झाइम कमी असतं, अशांच्या लाल पेशी काही पदार्थांनी पटापट फुटतात. तान्ह्या बाळाला नुसती मेंदी लावल्यानेही हे झाल्याच्या नोंदी आहेत. मलेरियाच्या पट्ट्यात सिकलसेल आणि ही कमतरता एकाच गावात, कधी एकाच अंगात नांदतात. काढा उकळणाऱ्याला याची विचारपूस करायचं सुचणार कसं? पण मोठं नुकसान पानाने होत नाही. पान सुरू झाल्यावर जे बंद होतं त्याने होतं.

जे बंद होतं त्याचं नाव हायड्रॉक्सियुरिया.

नावातच हरलेलं औषध आहे हे. ना हिमालय, ना ऋषी, ना आजीचा बटवा. 1869 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं आणि शंभरेक वर्षांनी कॅन्सरवाल्यांच्या हाती लागलं. अंगात लहान बाळाचं हिमोग्लोबिन वाढवतं, आणि हे बाळाचं हिमोग्लोबिन सिकलच्या दोऱ्यांत गुंतत नाही. 1995 मध्ये अमेरिकेत 299 मोठ्या माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला: वर्षाला साडेचार कळांच्या जागी अडीच. नंतर अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत मुलांना देऊन पाहिलं. 2019 मध्ये निकाल आला, कळा कमी, मलेरिया कमी, मृत्यूही कमी.

आणि नागपूर. ही बातमी मात्र फॉरवर्ड झालेली मी कधी पाहिली नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी खूप त्रास असलेली 60 मुलं घेतली. निम्म्यांना हायड्रॉक्सियुरिया, तेही पाश्चात्त्य डोसच्या मानाने कमी: किलोमागे दहा मिलिग्रॅम. निम्म्यांना खोटी गोळी. निकाल 2012 मध्ये छापून आला. वर्षाला सरासरी बाराएक वेळा कळांनी लोळणाऱ्या मुलांत हा आकडा एकाच्या आत आला. आपल्या भागातल्या सिकलसेलमध्ये बाळाचं हिमोग्लोबिन मुळातच जरा जास्त असतं, त्यामुळे थोडक्या डोसात काम होतं. म्हणजे शोध आपला, मुलं आपली, डोस आपल्या मापाचा, आणि एका कॅप्सूलला चहाच्या कपाएवढे पैसे. देशी, स्वस्त, आपल्या मातीतलं असं जे काही आपण पानांत शोधतो, ते सगळं इथे आहे. फक्त हिरवं नाही.

म्हणून मग काय होतं? सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर एक बाई उभी असते. काखेत पोर, पिशवीत फाईल, फाईलवर ‘एसएस पॅटर्न’. कॅप्सूलच्या पाकिटावर बारीक अक्षरात कॅन्सरचा उल्लेख आहे, हे शेजारच्या शिकलेल्या मुलाने वाचून दाखवलेलं असतं. ‘डॉक्टर, हे गरम पडतं म्हणे. थोडे दिवस बंद ठेवलं. जडीबुटी चालू आहे.’ समोर अजून साठ माणसं रांगेत असतात. डॉक्टर दोन मिनिटांत पांढऱ्या पेशींची तपासणी, बाळाचं हिमोग्लोबिन, रोजचा डोस आणि पाकिटावरच्या कॅन्सरच्या उल्लेखाचा अर्थ, हे सगळं समजावणार असतो. जडीबुटीवाल्याने अर्धा तास दिलेला असतो, पोराची नाडी धरलेली असते आणि आईला ‘माय, काळजी करू नको’ म्हटलेलं असतं. मी त्या बाईला दोष देणार नाही. अर्ध्या तासाची फी तिने योग्य माणसाला दिली नाही, एवढंच; आणि योग्य माणसाकडे अर्धा तास नव्हता.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. 2047 पर्यंत निर्मूलन, सात कोटी लोकांची तपासणी. तपासणी हवीच, कोण वाहक, कोण रुग्ण हे कळायलाच हवं. लग्नाआधी पत्रिकेबरोबर रक्ताचं कार्डही जुळवा, हा सल्लाही ठीक. पण कार्ड वाटणं हे मोजायला सोपं काम आहे. सहा महिन्यांनी त्या कार्डवाल्या पोराच्या घरात कॅप्सूल आहे का, त्याने ती घेतली का, त्याची पांढऱ्या पेशींची तपासणी झाली का, हे मोजायला पायपीट लागते, आणि आशाताईंच्या चपला ही शासनाच्या हिशेबातली बाब नाही. तिकडे अमेरिकेत या आजारावर जनुक कापून जोडायचा उपचार 2023 मध्येच मंजूर झाला. किंमत बावीस लाख डॉलर. तेव्हाच्या दराने आपल्या रुपयांत अठरा कोटींच्या आसपास. एका बाजूला अठरा कोटींची सुई, दुसऱ्या बाजूला फुकटची मुळी, आणि मधली ती कॅप्सूल दोन्हीकडच्या रोषणाईत कोणाला दिसत नाही.

मी झाडांच्या विरुद्ध आहे असं वाटत असेल तर एक नाव घेतो. रुस्तम जाल वकील. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधाची मुळी आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात होती. वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, प्रत्येकाचा रक्तदाब आधी मोजला, नंतर मोजला, आणि 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आकडे मांडले. जग मुंबईकडे वळून बघू लागलं. काच नव्हती तिथे. माणसं होती आणि दंडाला बांधायचा पट्टा होता.

तेच इथे का करू नये? गडचिरोलीत जंगल आहे, नागपुरात रुग्ण आणि चाचणी घेण्याचा सराव असलेले डॉक्टर आहेत, पोटतिडकीने आपली मुळी सांगणारे वैदूही आहेत. कॅप्सूल कोणाचीच बंद करायची नाही. ती सगळ्यांना चालू. तिच्या जोडीला निम्म्यांना मुळी, निम्म्यांना मुळीसारखं दिसणारं काहीतरी. वर्षभर कळा मोजा. वैदूशी ओगुन्यालेंसारखा लेखी करार करा, म्हणजे उद्या औषध निघालं तर त्याच्या नातवंडांनाही काही मिळेल. फार मोठा खर्च नाही. एका आरोग्य मेळाव्याच्या मांडवात आणि शाली-श्रीफळात बसेल.

अडचण एकच आहे. वर्षाच्या शेवटी निकाल ‘काही उपयोग नाही’ असा निघाला, तर त्याची फीत कापायला पालकमंत्री येणार नाहीत.